न थुंकलेला घोट

डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. टेबल पुसायचं. त्याला माशाच्या कालवणाचा वास येत होता. मला स्टुलावर बसवलं होतं, हात गुडघ्यांवर ठेवायला सांगितले होते, आणि समोर चारपाच माणसं जेवून तृप्त होऊन बसली होती. कुणीतरी इंग्रजीत काही बोललं. सगळे हसले. मग माझ्या सोयीसाठी तेच मराठीत सांगितलं गेलं.

"पोलिसांच्या कुत्र्यालासुद्धा आधी कपडा हुंगायला देतात. याला काही देणार की नाही?"

मीही हसलो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण नंतर मी मोठा मानी माणूस असल्यासारखं लिहायला लागेन. त्या दिवशी मी हसलो होतो. मान जरा वर करून, नाकपुड्या फुलवून, कुत्र्याचं सोंग करून हसलो होतो. आणखी हशा झाला. मला बरं वाटलं.

रविवारची दुपार. गिरगावातला रावसाहेबांचा बंगला. द्वैभाषिक राज्याचे दिवस होते. मुंबई कुणाची यावर रस्त्यारस्त्यात मोर्चे निघत होते, आणि मी सत्तावीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, डोळ्यांवर फडकं बांधून वाइन हुंगायला बसलो होतो.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. आमच्या घरी आजही आंबा घ्यायचा झाला की पेटी माझ्यासमोर येते. दूध नासायच्या बेतात आहे की नाही, शेजारच्यांच्या डाळीला खालून लागलंय का, हे मी खाटेवरून सांगतो. धाकटी मुलगी म्हणते, बाबांना नाक नाही, तारखातं आहे. जन्मजात देणगी. बाकी रूप, उंची, पैसा वाटताना देणारा माझ्यापाशी आला तेव्हा बहुतेक पिशवीत नाकच उरलं होतं.

रावसाहेबांच्या घरी मी वरकामाला लागलो होतो. घराणं जुनं. वाडवडिलांच्या जागा, स्वतः वकील, भिंतीवर वडिलांची तसबीर. त्या वडिलांनी फ्रान्सहून मागवलेली तांबडी वाइन जिन्याखालच्या कोठीत आडवी घालून ठेवलेली होती. कोठीच्या दाराला गोणपाट टांगायचा आणि दिवसातून दोनदा तो भिजवायचा, म्हणजे आत गारवा राहतो. ते माझं पहिलं काम. दारूबंदी होती, पण रावसाहेबांकडे तब्येतीचं परमिट होतं. त्यांची तब्येत उत्तम होती.

तिथला जुना बटलर गोव्याचा, मिंगेलबाब. त्यानं मला शिकवलं. बाटली कशी हलवू न देता उचलायची, कुजत आलेलं बूच तुकडे न पाडता कसं ओढायचं, मेणबत्तीसमोर धरून बाटलीतली वाइन काचेच्या सुरईत कशी ओतायची आणि गाळ मानेशी आला की हात कसा थांबवायचा. मग एक घोट तोंडात घ्यायचा. जिभेखाली न्यायचा, गालात फिरवायचा, नाकानं हळूच श्वास सोडायचा. आंबलीय का, मेलीय का, अजून जिवंत आहे का, ते कळतं. मिंगेलबाब गावी गेला आणि ते काम माझ्याकडे आलं.

पण मिंगेलबाब काचेच्या ग्लासातून चाखायचा. मला तामचिनीचा कप मिळाला. पांढरा, काठाला कपचा उडालेला, मोरीच्या वरच्या खिळ्याला अडकवलेला. त्यातूनच चाखायचं, आणि चाखून झालं की मोरीत थुंकायचं. रावसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गिळायचं नाही. ती तुझ्यासाठी नाही." मी परळचा, आणि परळातल्या कुठल्या चाळींतला, हे त्या घरात ठाऊक होतं. कपाबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी तर स्वतःची समजूतही काढली होती, की पांढऱ्या कपात वाइनचा रंग चांगला दिसतो. कडेला विटकरी झाली म्हणजे वय झालं. ते खरंही होतं. माणूस अपमानातसुद्धा सोय शोधतो, आणि मी तर त्यात हुशार.

पुढं रावसाहेबांना विषमज्वर झाला. वाचले, पण नाक गेलं. भजी तळली आणि गटार तुंबलं, त्यांना दोन्ही सारखंच. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. मला सांगावी लागली. कारण गिरगावापासून मलबार हिलपर्यंत त्यांची ख्याती होती ती चवीची. चार मोठी माणसं जेवायला येणार, रावसाहेब ग्लास नाकाशी धरणार आणि वाइनबद्दल बोलणार, हा त्या घराचा मान होता.

मग असं ठरलं. मी आत चाखायचं. थुंकायचं. बाहेर येऊन त्यांच्या मांडीवर नॅपकिन ठेवताना वाकून तीन गोष्टी सांगायच्या. मी सांगायचो माझ्या भाषेत. "आमसूल, शाळेचं दप्तर, तंबाखूची चंची." रावसाहेब ग्लास फिरवायचे, डोळे मिटायचे आणि त्याचं झकास इंग्रजी करायचे. पाहुणे माना डोलवायचे. आमसुलाचं त्यांनी काय केलं ते मला कधी कळलं नाही, पण ते ऐकून एका बॅरिस्टरांनी टाळी दिली होती.

सहा वर्षं हे चाललं. शब्द माझे, तोंड त्यांचं. मला त्याचा राग यायचा का? खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायचा. परळच्या खोलीत बायकोला मी सांगायचो, आज आपल्या दप्तरावर टाळी पडली.

बायकोला त्याचं कौतुक नव्हतं. आमच्या चाळीनं एव्हाना दीक्षा घेतली होती. भिंतीवरचे जुने देव गेले, बुद्धाची तसबीर आली. पाचवं शील, नशापाणी करणार नाही, हे मी मैदानात सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं होतं. आठवड्यानं परत तामचिनीचा कप. बायको म्हणाली, हे कसं? मी म्हटलं, गिळत नाही, थुंकतो की. ती म्हणाली, "पाहुणा घरात येऊन बसला, उठून गेला, म्हणजे आलाच नव्हता का?" मी वकिलाच्या घरी कामाला होतो; पुढची तारीख घेतल्यासारखा हंडा उचलून नळावर गेलो.

आता भागीमावशी.

आमच्या चाळीत शेवटच्या जिन्याखाली तिची खोली. माझी आई गिरणीत पाळीला जायची तेव्हा मला हिच्या ओटीत टाकून जायची. माझा पहिला भात हिच्या हातचा. नवरा लवकर गेला, स्वतः गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, तिथून बायका कमी केल्या तेव्हा घरी बसली. मुलगा केशव. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, उंच, आवाज खणखणीत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पुढे असायचा. एका मंत्र्याला काळी निशाणं दाखवताना पकडला आणि आत गेला. घरात मिळवणारं कुणी उरलं नाही. मग मावशीनं हातभट्टी लावली. दीक्षा घेतलेल्या बाईनं. ती म्हणायची, केशव सुटून आला की मी हे डबे गटारात ओतीन आणि पुन्हा शील घेईन, तोवर बुद्धानं जरा तिकडं बघावं.

पहिल्यांदा तिनं काढली ती फारच उग्र होती. तिनं मला बोलावलं. "तुझं नाक मोठ्या लोकांच्या घरी चालतंय म्हणे. माझ्याकडं बघ की जरा." मी बघितलं. चाखलं, थुंकलं. आणि म्हटलं, मावशी, काढताना वर गवती चहाची जुडी टाक. वास मरतो आणि घसा सोलत नाही. तिनं टाकली. इतकी छान उतरली, की लालबागची माणसं परळला यायला लागली. कुणाला कळलं नाही ती युक्ती कुणाची. मला फार वाटायचं, की कळावं.

तर तो रविवार.

रावसाहेबांनी त्या दिवशी वडिलांच्या बाटल्यांतली एक उघडायची ठरवली होती. त्यांच्या लग्नाच्या आधीची. अशा दोनच उरल्या होत्या. पाहुण्यांत एक सरकारी साहेब होते, दारूच्या धाडी घालणारे. होय, तेच. परमिट रावसाहेबांचं एकट्याचं, पिणारी माणसं पाच आणि धाडवाले साहेब टेबलाच्या टोकाला. जेवताना मोर्च्यांचा विषय निघाला. एक पाहुणे म्हणाले, मुंबई मागताहेत, उद्या दिली तर चालवणार कोण, हे? 'हे' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्याच ताटात सोलकढी वाढत होतो.

सकाळी मी ती बाटली चाखली होती. आजवर तसं काही जिभेला लागलं नव्हतं. मी वाकून रावसाहेबांना तीनऐवजी पाच गोष्टी सांगितल्या. ते बोलायला लागले आणि मध्येच अडकले. चौथी विसरले. साहेब हुशार माणूस. त्यांनी रावसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसत म्हणाले, वकीलसाहेब, तुमचं नाक नॅपकिन घेऊन उभं आहे वाटतं.

रावसाहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी ते हसण्यावारी नेलं. म्हणाले, नाही हो, मीच शिकवलंय त्याला, गंमत म्हणून. परीक्षा घ्या हवी तर. आणि टेबल पुसायचं फडकं माझ्या डोळ्यांवर आलं.

पहिला कप. तामचिनीचाच. मी म्हटलं, ही आजचीच, मोठ्या साहेबांची, वडिलांच्या वेळची. बरोबर. दुसरा कप. म्हटलं, ही नवी आहे, गोड पोर्ट वाइनमध्ये पाणी घातलंय, थट्टा करताय. हशा. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बाहेर गाडीचं दार वाजलं, कुणीतरी परत आलं. तिसरा कप हाताशी आला. मी नाकाशी नेला.

गवती चहा.

त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर. तोंड वाकडं करून 'शी, गावठी' म्हटलं असतं तर. त्यांना तेवढंच हवं होतं. परळचा माणूस देशी दारूला तोंड वाकडं करतो, एवढ्या विनोदावर ती दुपार संपली असती. पण माझं काय झालं, तर मी माझीच कारागिरी ओळखली. इतकी वर्षं दुसऱ्याच्या वाइनची तारीफ दुसऱ्याच्या तोंडून ऐकली होती. ही माझी होती. मी कप खाली ठेवला आणि सभेत बोलावं तसं बोललो.

"ही साधी हातभट्टी नाही. काळा गूळ, बाभळीची साल, आणि वरून गवती चहा. हे शीवकडचं नाही, भायखळ्याचंही नाही. हे परळचं. अशी काढणारा एकच हात आहे."

कुणी हसलं नाही. साहेब उठून माझ्यापाशी आले. त्यांनी स्वतःच्या हातानं फडकं सोडलं. सुरई उचलली, टेबलावरचा एक ग्लास घेतला, काचेचा, पातळ, आणि त्यात ती जुनी वाइन अर्ध्यापर्यंत ओतून माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही थुंकायची नाही. गिळा."

मी रावसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

मी गिळली.

त्या घोटाबद्दल मला लिहायलाच हवं, नाहीतर हे सगळं खोटं होईल. थुंकताना जी अर्धीच कळते ती गिळताना पुरी कळते. आधी आमसूल, तेही मुरलेलं. मग शिसपेन्सिल तासल्याचा वास, माझ्या बापाच्या पेटीतल्या जुन्या चामड्याचा, आणि खाली कुठंतरी सुकलेला गुलाब. गिळल्यावर ती संपत नव्हती. घशातून पुन्हा वर यायची. मी डोळे मिटले, रावसाहेब मिटायचे तसे. सहा वर्षं मी ज्याचं सोंग त्यांना पुरवलं, ते खरं माझ्या तोंडात होतं.

साहेबांनी माझ्या कानाशी, अगदी मैत्रीनं विचारलं, "परळला कुठं?"

मी डोळे न उघडता सांगितलं. चाळ सांगितली, जिना सांगितला. नाव सांगितलं.

निघताना रावसाहेब म्हणाले, तो ग्लास आता तूच ठेव. मला वाटलं, बक्षीस. वर्तमानपत्रात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून घरी आणला. बायकोनं दार उघडलं, पुडीकडे बघितलंही नाही. माझ्या तोंडाशी एक क्षण थांबली आणि म्हणाली, "आज थुंकला नाहीत."

मंगळवारी सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळी, धाड आली. मावशीचे डबे बाहेर काढून गटारात उलटे केले. गवती चहाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. बायका हंडे घेऊन गॅलरीत उभ्या राहिल्या. मीही होतो, वर, कठड्याला धरून. तिला नेताना तिनं वर बघितलं, सगळ्यांकडे बघितलं तसं माझ्याकडेही. पदर नीट केला आणि चालायला लागली. मी खाली उतरलो नाही. पाय होते, जिना होता.

चाळीनं खबऱ्या शोधायला सुरुवात केली. संशय गेला कोपऱ्यावरच्या पानवाल्यावर. लोकांनी त्याच्याकडून पान घेणं बंद केलं. मीही बंद केलं. हे लिहिताना हात अडतो, पण केलं. बायकोनं विचारलं, कुणाला काही बोललात का? मी म्हटलं, मी कशाला बोलू. तिनं पुन्हा विचारलं नाही. जेवताना ताट आपटलंही नाही. तिनं आपटलं असतं तर बरं झालं असतं.

चारपाच दिवसांनी रावसाहेबांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. दिवाणखान्यात, स्वयंपाकघराच्या दारात नाही. म्हणाले, कोर्टात जायचंय. साहेबांची इच्छा आहे. त्यांना आधी एका धाडीत सापडलेली बाटली आणि त्या बाईकडे सापडलेला माल एकाच हातचा आहे, एवढं तू ओळखायचं. तसा सरकारी तपासणीचा कागद असतोच, पण तुझ्यासारखा माणूस बोलला की वजन पडतं. पुन्हा मुद्दा असा, की तू त्या लोकांतलाच.

मी विचारलं, आधीची बाटली मी कुठं हुंगली, असं विचारलं तर?

"ते विचारणार नाहीत. आणि तू सांगायचं नाहीस. या घराचं, या टेबलाचं नाव येता कामा नये. वास तोच, एवढे दोन शब्द. समजलं?"

समजलं, म्हटलं. ते पक्षकाराला शिकवावं तसं मला शिकवत होते. मी मान हलवत होतो. मागच्या दारानं निघालो तर स्वयंपाकीणबाई भांडी मोजून लावत होत्या. त्या बोलून गेल्या, सहज, दुष्टपणानं नाही. पाचच ग्लास उरले म्हणून बाईसाहेबांनी नवा जोड मागवलाय म्हणे. तुझ्या तोंडचा कोण वापरणार होतं रे, देऊन टाकला ते बरंच झालं.

मी मोरीपाशी उभा राहिलो. खिळ्याला कप होता. इतकी वर्षं रोज बघितलेला कप. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, इतका उशिरा, की सांगायला लाज वाटते. यांना माझी जीभ पाहिजे. तोंड नको. वाइन माझ्या जिभेनं ओळखायची, श्रेय यांचं. मावशीला माझ्या जिभेनं ओळखायचं, पाप माझं. आणि ज्या टेबलावर हे घडलं ते टेबल स्वच्छ राहायचं, जसं काही तिथं कुणी बसलंच नव्हतं.

आणि मी? मला कुणी मारलं नव्हतं. धमकी दिली नव्हती. अर्धा ग्लास दिला होता.

कोर्ट. मावशी पिंजऱ्यात उभी. लुगडं तेच, धाडीच्या दिवशीचं, धुऊन नेसलेलं. मला साक्षीला बोलावलं. मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी एक बाटली पुढं केली, बूच उघडलं, मग दुसरी. वास तोच का, विचारलं.

मी म्हटलं, वास तोच.

साहेबांनी समाधानानं मान हलवली. वकील बसायला लागले. मी थांबलो नाही.

"पण ही पहिली बाटली मी आधीही हुंगलीय. गिरगावात, रविवारी दुपारी, रावसाहेबांच्या जेवणाच्या टेबलावर. हे साहेब तिथं होते. सगळे दारू पीत होते. यांनी ही गाडीतून आणली आणि माझ्या डोळ्यांवर फडकं बांधून गंमत म्हणून उघडली."

न्यायाधीश म्हणाले, विचारलंय तेवढंच सांगा. कारकुनाची लेखणी थांबली होती. साहेब उभे राहिले होते. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. माझे पाय इतके कापत होते, की कठडा वाजत होता. मला अजून एक वाक्य सांगायचं होतं आणि ते साहेबांसाठी नव्हतं. मी पिंजऱ्याकडे तोंड केलं.

"मावशी, तुझं नाव मी सांगितलं."

हे कागदावर घेऊ नका, असं न्यायाधीशांनी कारकुनाला सांगितलं. शिपायानं माझा दंड धरून मला खाली उतरवलं. ती आधीची बाटली खटल्यातून गुपचूप गेली. पण घरात सापडलेले डबे खरे होते, आणि डबे होते तर शिक्षाही होतीच. मावशीला तीन महिने झाले.

साहेबांची बदली झाली असं ऐकलं, वरच्या जागेवर. रावसाहेबांचा निरोप आला की यायची गरज नाही. ग्लास माझ्या बायकोनं भंगारवाल्याला दिला. त्यानं वजनात धरायला नकार दिला, तर तसाच देऊन टाकला. मी पुढं गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. पानवाल्याकडं जाऊन सगळ्यांदेखत सांगितलं, तो तू नव्हतास, मी होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चुना लावायला घेतला.

मावशी सुटली त्या दिवशी मी तिच्या खोलीशी गेलो. बरोबर काही नेलं नव्हतं. काय नेणार? ती चूल सारवत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, मावशी, कोर्टात मी सगळं बोललो. तिनं हात थांबवला नाही.

"तू बोललास म्हणून माझा एक दिवस तरी कमी झाला का रे?"

मी म्हटलं, नाही.

"मग माझ्याकडं कशाला आलास? जा. पोरी वाट बघत असतील."

केशव सुटून आला तेव्हा मला वाटलं, आता मार बसेल. बसावा, असंही वाटलं. तो जिन्यात भेटला. छातीला छाती लागेल इतका जवळ आला आणि म्हणाला, आईनं सांगितलंय, याला हात लावायचा नाही. बाजूला झाला आणि मला वाट दिली. मावशी त्यानंतर अकरा वर्षं जगली. नळावर रोज भेटायची. माझ्या मुलींना खाऊ द्यायची, त्यांच्या वेण्या घालायची. माझ्याशी बोलली नाही. तिच्या अंत्ययात्रेत मी खांदा द्यायला पुढं झालो, तर केशवनं नाही म्हणून मान हलवली. मी मागं राहिलो. बरोबरच होतं.

एवढं सगळं आज का लिहितोय? तर आमच्या घरात या गोष्टीचं काय झालंय ते बघा. मुली, जावई, नातवंडं, सगळ्यांना कोर्ट पाठ आहे. बाबांनी भर कोर्टात मोठ्या साहेबाला उघडं पाडलं. नातू तर कठड्याला धरून माझी नक्कलही करतो, पाय न कापता. रविवारची दुपार यांतल्या कुणालाच ठाऊक नाही; ज्यांना ठाऊक होती ती जुनी माणसं बहुतेक गेली. कशी असणार? ती मी सांगितलीच नाही. मी गोष्ट सांगायला बसलो की डोळ्यांवरच्या फडक्यापाशी हसवायचो, आणि तिथून थेट कोर्टात उडी मारायचो. सवय झाली होती. चांगली वाइन जशी मेणबत्तीसमोर धरून वरची वरची ओतून घ्यावी, तसं मी स्वतःला ओतून देत आलो.

आता येत्या महाराष्ट्र दिनाला चाळीच्या मंडळानं माझा सत्कार ठरवलाय. त्या काळात जे निडरपणे बोलले त्यांचा. शाल, नारळ, दोन शब्द. नवी मुलं आहेत, त्यांनी गोष्ट माझ्याच नातवाकडून ऐकली. केशवलाही बोलावलंय, लढ्यातला म्हणून. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार आहे. त्यानं यायचं कबूल केलंय. मंडळाला त्यानं काही सांगितलं नाही. वाट बघतोय बहुतेक.

बायको म्हणाली, तब्येतीचं कारण सांगून घरी बसा. तेही करून बघितलंय आयुष्यभर.

मी जाणार आहे. शाल घेणार नाही. माफी मागणार नाही, मागायची होती ती बाई आता नाही, आणि तिनं मला तशीही दारातून परत पाठवली होती. माइक हातात आला की कोर्टापासून सुरुवात करणार नाही. उभा राहून सांगणार आहे, केशवच्या देखत, नातवाच्या देखत: भागीमावशीचं नाव मी सांगितलं. मला कुणी मारलं नव्हतं. अर्धा ग्लास वाइनसाठी सांगितलं. आणि वाइन चांगली होती.